शेजारच्या गाभण मांजरीसाठी काय करता येईल

वडगावातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या शेजारच्या आक्कांकडे घरात माग आहेत. उंदीर सूत कुरतडतात म्हणून एक मांजरी ठेवलेली आहे. 'पोट भरलं की उंदीर धरत नाही' या समजुतीपायी तिला उरलेला भात सोडला तर काही घालत नाहीत. आता ती गाभण आहे. पोट खाली आलंय, पाठीचा कणा हाताला लागतो, एका डोळ्यातून पाणी येतं आणि पावसात ती ताईंच्या परड्यातल्या लाकडांमागे येऊन बसते. ताईंनी विषय काढला तेव्हा आक्का म्हणाल्या, "जनावर की ते, आपलं आपण बघून घेतंय." ताईंच्या घरी पाच महिन्यांची गरोदर नणंद आलेली आहे, त्यामुळे सासूबाईंना मांजर घरात नको. तिला उचलून आणू का, काय खायला घालू, आणि व्यायला लागली तर मी काय करायचं, असे तीन प्रश्न आहेत. मी बेळगाव आणि खानापूर भागात बऱ्याच वर्षांपासून जनावरांचा दवाखाना चालवतो. असली मांजरी जवळपास प्रत्येक गल्लीत असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, उचलून आणू नका. मांजरी आक्कांची आहे. न विचारता तिला डांबून ठेवलंत तर चोरीची तक्रार होऊ शकते, पण मला त्याहून मोठी अडचण वेगळीच दिसते. व्यायला आलेली मांजरी स्वतःची जागा आधीच हेरून ठेवते. तिला अनोळखी खोलीत कोंडलं की ती खाणं सोडते, ओरडते, आणि दार उघडं दिसलं की आक्कांच्या माळ्यावर पळते. आणि तोवर तुमचं आक्कांशी बोलणं बंद झालेलं असेल, तर त्या माळ्यावर चढून पिल्लं बघायला तुम्हाला कोण देणार? मांजरी आक्कांचीच राहू द्या आणि काळजी तुम्ही घ्या, त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांना सांगून.

आक्कांशी बोलताना 'तुम्ही हिला उपाशी ठेवता' इथून सुरुवात करू नका. त्यांच्या फायद्याची गोष्ट काढा: "आक्का, तुमची मांजरी गाभण हाय बघा. माळ्यावर सुतातच व्याली तर सगळं सूत खराब व्हतंय. आधीच एक खोकं मांडून ठेवूया काय? मी आणते." माझ्या अनुभवात या बोलण्याला नाही म्हणणारं माणूस क्वचितच भेटतं. मग पुढचं विचारा, "हिला मी रोज एक अंडं घालू काय?" परवानगी मिळाली की तुमचं निम्मं काम झालं.

उंदरांची ती समजूत मात्र हळूहळू खोडून काढायला हवी. मांजराची भूक वेगळी आणि शिकारीची ओढ वेगळी. पोट भरलेली मांजरीही उंदराच्या मागे धावते, फक्त मारलेला उंदीर बऱ्याचदा न खाता टाकून देते. उपाशी मांजरी तो खाते, आणि तो उंदीर कुणाच्या घरातलं औषध खाऊन अडखळत आलेला असेल तर तिच्याही पोटात विष जातं. तेव्हा पोटभर खाणारी मांजरी सुताची राखण जास्त दिवस करते, हे आक्कांना पटू शकेल.

आता खाणं. मांजर मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा एक घटक तिच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मुख्यतः मांस आणि माशांतूनच मिळावा लागतो. तो कमी पडला की मांजराचं हृदय कमकुवत होतं, नजर जाते, गर्भातली पिल्लं दगावतात किंवा अशक्त जन्मतात. भात-दूध, चपाती-दूध यांनी पोट फुगतं, पण पिल्लांच्या वाट्याला फारसं काही जात नाही. शिवाय मोठ्या मांजरांना गाई-म्हशीचं दूध नीट पचत नाही, हगवण लागते, आणि गाभणपणात हगवण म्हणजे आहे तीही ताकद जाते. दूध बंद करा. स्वच्छ पाण्याची वाटी दिवसभर भरलेली असू द्या.

सगळ्यात सोपं म्हणजे पिल्लांसाठी मिळणारं कोरडं मांजराचं खाद्य. ते महाग वाटतं, पण गाभण मांजरीला लागणारं सगळं त्यात मोजून घातलेलं असतं, मोठ्या मांजरांच्या खाद्यात तेवढं नसतं. 3 किलोच्या मांजरीला शेवटच्या दिवसांत रोज साधारण 60 ते 80 ग्रॅम लागतं. तेवढं परवडत नसेल तर निम्मं ते खाद्य आणि निम्मं घरचं द्या: उकडलेलं अंडं, मीठ-मसाला न घालता शिजवलेलं कोंबडीचं मांस, थोडी काळीज-पेटी, शिजवून काटे काढलेला मासा. काळीज आठवड्यातून एक-दोनदाच. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, त्यामुळे रस्श्यातला तुकडा धुऊनही घालू नका. सुकट-बोंबील तिला प्रिय असतात, पण त्यात मीठ फार. घालायचेच तर भिजवून, उकळून, पाणी टाकून, आणि चिमूटभरच.

एवढ्या वाळलेल्या जनावराला पहिल्याच दिवशी ताट भरून घालू नका. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, आणि चार-पाच दिवसांत वाढवत न्या. पिल्लांनी पोट दाबलेलं असल्याने शेवटच्या आठवड्यांत तिला एका वेळी जास्त जातही नाही.

कॅल्शियमचं सिरप आणून घालायचा मोह बऱ्याच जणांना होतो. घालू नका. गाभणपणात बाहेरून जास्त कॅल्शियम दिलं की हाडांतून कॅल्शियम ओढून आणायची शरीराची सवय मंदावते, आणि व्याल्यावर दुधासाठी अचानक मागणी वाढली की रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळतं. मांजरी थरथरते, पाय ताठ होतात, झटके येतात. वेळेत शिरेतून कॅल्शियम मिळालं नाही तर मरते.

ती किती दिवसांची गाभण आहे याचा अंदाज घरीही येतो. मांजरीचा काळ 63 ते 65 दिवसांचा, दोन-चार दिवस पुढेमागे. तिसऱ्या आठवड्यात सडं गुलाबी आणि टपोरी होतात, पाचव्याच्या सुमारास पोट बाजूंनी दिसायला लागतं, शेवटच्या पंधरवड्यात ती आडवी झोपली की कुशीत पिल्लांची हालचाल नुसत्या डोळ्यांनी दिसते. बोटांनी दाबून पिल्लं मोजू नका. आणि एक शंका मनात ठेवा: पोट मोठं आणि कणा वर आलेला, हे चित्र जंतांचंही असतं, पोटात पाणी झाल्याचंही असतं, आणि गर्भाशयात पू झाल्याचंही असतं. म्हणून एकदा तरी डॉक्टरांना दाखवाच. सोनोग्राफीत पिल्लांची धडधड चौथ्या आठवड्यापासून दिसते. 45 दिवसांनंतरच्या एक्सरेत पिल्लांची हाडं दिसतात आणि त्यावरून पिल्लं मोजता येतात, आणि हा आकडा व्यायच्या रात्री फार कामाला येतो. आत पाच पिल्लं आहेत हे माहीत असेल, तर चौथ्यानंतर सगळं संपलं असं समजून तुम्ही झोपणार नाही.

दवाखान्यात नेलं की गाभण असल्याचं पहिल्यांदा सांगा. जंताचं औषध द्यायला हवं, पण माणसांना देतात ती अल्बेंडाझोलची गोळी गर्भाला धोक्याची आहे. डॉक्टर गाभणपणात चालणारं दुसरं औषध वजनावर देतील. डोळ्याचं पाणी बहुधा सर्दीच्या विषाणूचं असेल. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पुसा, पण घरात पडलेले डोळ्याचे थेंब घालू नका. त्यांत स्टिरॉइड असलं तर डोळ्यावरची जखम चिघळते. तापासाठी पॅरासिटामॉल कधीच नाही. माणसाची एक गोळी मांजरीचा जीव घेते. कुत्र्यांसाठीचं गोचिडाचं औषधही तसंच, त्यात परमेथ्रिन असलं तर मांजराला झटके येतात.

आपल्याकडे ज्याने सगळ्यात जास्त घात होतो ते मात्र औषध नसतं, फिनेल असतं. मांजरी व्यायच्या जागेला वास येतो म्हणून बाया फिनेलने पुसून घेतात. मांजरी ओल्या फरशीवरून चालते, पंजे चाटते, पिल्लांना चाटते. फिनेलमधला घटक पचवून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. लाळ गळायला लागते, मांजर लडखडतं, नवजात पिल्लू तर तासांत जातं. तिची जागा साबणाच्या पाण्यानेच पुसा आणि कोरडी करा. मुंग्या घालवायचा खडू आणि पावडरही तिथे नको.

मुंग्यांचं मी उगीच काढलं नाही. पावसाळ्यात तांबड्या मुंग्या व्याल्यावर पडणाऱ्या वारेच्या वासावर येतात आणि डोळे न उघडलेल्या पिल्लांना फोडून काढतात. त्यासाठी खोकं एखाद्या छोट्या बाकावर किंवा स्टुलावर ठेवायचं आणि त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत. ओली कापडं लगेच बदलायची, सांडलेलं खाणं खोक्याजवळ ठेवायचं नाही.

खोकं असं करा. मांजरी आडवी होऊन पाय ताणू शकेल एवढं, साधारण दोन फूट लांब. एका बाजूला दार कापायचं, पण तळापासून चार-पाच इंच उंबरठा ठेवायचा म्हणजे पिल्लं बाहेर गडगडत नाहीत. वरून झाकलेलं असावं, मांजरीला अंधार आवडतो. तळाला वर्तमानपत्रांचे थर, त्यावर धुतलेलं जुनं सुती लुगडं किंवा चादर. धाग्यांचे फासे असलेला टॉवेल नको, पिल्लांची नखं अडकतात. खोकं नसेल तर मोठी बुट्टीही चालते. ठेवायचं मात्र आक्कांच्या घरात, तिच्या आवडत्या कोपऱ्याजवळ, मागाच्या खटखटीपासून लांब. व्यायच्या दहा-पंधरा दिवस आधी ठेवा आणि खाणं तिथेच घाला, म्हणजे वास ओळखीचा होतो. तरीही तिने दुसरी जागा निवडली तर वाद घालू नका, तिथेच कापड टाका.

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो. ती हौसेने फिरवत नाही. जागा ओली झाली, माणसं सारखी डोकावली, बोका घुटमळला, घाणीचा वास सुटला, की ती पिल्लं तोंडात धरून हलवते. बोका पिल्लं मारतो हे खरं आहे, म्हणून रात्री त्या खोलीचं दार लावून घ्यायला आक्कांना सांगा.

व्यायच्या आदल्या दिवशी ती खात नाही, खोक्यात जाऊन कापड उकरते, मध्येच तुमच्या पायांत घोटाळते. एरवी 101-102 फॅरनहाइट असलेलं अंगाचं तापमान 100 च्या खाली उतरतं. एकदा कळा धरल्या की पिल्लू साधारण अर्ध्या तासात बाहेर यायला हवं. पुढची पिल्लं दहा मिनिटांनी किंवा तासाने येतात. शेपटीकडून आलेलं पिल्लू बघून घाबरू नका, मांजरांत ते नेहमीचं आहे. प्रत्येक पिल्लामागे एक वार पडते, मांजरी ती खाते, खाऊ द्या. तुम्ही लांब बसा, दिवा मंद, आवाज नाही, आणि कागदावर प्रत्येक पिल्लाची वेळ लिहा. हात घालायची वेळ एकच: पिल्लू पडदीतच आहे आणि आई मिनिटभरात ती फोडत नाही. तेव्हा स्वच्छ बोटांनी नाकाजवळची पडदी फाडा, तोंड-नाक पुसा, डोकं किंचित खाली धरून कोरड्या कापडाने पाठ चोळा. ते ओरडलं की आईजवळ ठेवा. नाळ तिने तोडली नाही तर उकळलेल्या दोऱ्याने पोटापासून इंचभर अंतरावर बांधून पलीकडे कापा. अडकलेलं पिल्लू किंवा लोंबणारी वार ओढायची नाही.

अर्धा तास जोरात कळा आणि पिल्लू नाही, एकही पिल्लू यायच्या आधी हिरवट-काळा स्राव, घाण वास, ताजं लाल रक्त थांबत नाही, किंवा आत पिल्लं शिल्लक आहेत, दोन तास गेले आणि ती थकून मान टाकतेय. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका. रिक्षा कोण बोलावणार, रात्री कुठला डॉक्टर फोन उचलतो, हे आत्ताच विचारून ठेवा. वडगावातून तुम्ही लवकर पोचाल. खानापूरच्या पुढे जांबोटीकडे राहणाऱ्यांनी, पावसात गाडी मिळायची नाही हे धरून, शेवटच्या आठवड्यात आधीच ठरवून ठेवावं. आणि एक कळकळीने सांगतो. 'कळा येण्याचं इंजेक्शन' न तपासता कुणाकडूनही टोचून घेऊ नका. पिल्लू आडवं अडकलेलं असेल तर त्या इंजेक्शनने गर्भाशय फाटतं.

व्याल्यावर तिचं खाणं दुपटीच्याही वर जातं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तर ती जेवढं खाईल तेवढं द्या. आक्कांचं लक्ष नेमकं इथेच उडतं, पिल्लं झाली म्हणजे सुटलं असं वाटतं. पिल्लं जन्मताना साधारण 100 ग्रॅमची असतात आणि रोज 10 ग्रॅमच्या आसपास वाढतात. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. सलग दोन दिवस वजन वाढलं नाही तर ते पिल्लू मागे पडतंय. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते हे खरं नाही, तुम्हाला ओळखणारी मांजरी तर मुळीच टाकत नाही. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग दूध. थंड अंगात दूध पचत नाही आणि फुप्फुसात जातं. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एकाच अंगाला ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लं बाजूला सरकतात.

तुमच्या नणंदेबद्दल. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो आणि गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर बाळाला धोका असतो. पण ताज्या विष्ठेतला तो लगेच लागत नाही, बाहेर पडल्यावर किमान एक दिवस जावा लागतो. म्हणजे विष्ठा रोजच्या रोज, हातमोजे घालून, तुम्ही काढायची, नणंदेने नाही. तिने परड्यातली माती हाताळू नये, भाज्या धुऊन खाव्यात, मटण नीट शिजलेलं असावं. मांजर अंगणात बसल्याने काही होत नाही. सासूबाईंना एवढं सांगितलंत तर त्यांची भीती बरीच उतरेल. चावा किंवा ओरखडा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा.

कायद्याचं विचारणारेही पुष्कळ भेटतात. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम 11 प्रमाणे पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं गुन्हा आहे, आणि कारण नसताना त्याला सोडून देणंही. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र 10 ते 50 रुपये. त्या दंडाने आक्का बदलणार नाहीत, दार मात्र बंद करतील. कुणी जनावराला मारून टाकलं, जायबंदी केलं, विष घातलं, तर गोष्ट वेगळी. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तिथे शेजारधर्म न बघता पोलिसांत जावं.

पिल्लं आठ आठवडे आईजवळ राहू द्या. मांजर मारणं पाप म्हणून लोक महिन्याभराची पिल्लं पोत्यात घालून मासळी बाजारात सोडतात आणि आपण मारली नाहीत असं समजतात. त्यांतली फारच थोडी जगतात. आक्कांच्या डोक्यात तसं काही असेल तर तुम्ही आत्तापासूनच घरं शोधायला लागा. मागाच्या घरांत, भाताची पोती ठेवणाऱ्या गावातल्या घरांत मांजराला मागणी असते. देताना जंताचं औषध आणि पहिली लस झालेली असावी, आणि घेणाऱ्याला भात-दुधाचं आधीच समजावून सांगा.

मांजरीचं ऑपरेशन याच वेळी ठरवा. पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा माजावर येते आणि गाभण राहते, म्हणून दूध तुटेपर्यंत तिला बोक्यापासून सांभाळा. दूध आटल्यावर दोन आठवड्यांनी गर्भाशय काढायचं ऑपरेशन करून घ्या. आक्कांना म्हणा, "खर्च निम्मा निम्मा करूया, परत सुतात पिल्लं नकोत." ऑपरेशन झालेली मांजरी उंदीर पूर्वीसारखेच धरते, हेही सांगा, कारण त्यांचा पुढचा प्रश्न तोच असेल. नंतर दहा दिवस टाके कोरडे ठेवावे लागतात. ते दहा दिवस ती तुमच्याकडे राहिली तरी आता आक्का हरकत घेणार नाहीत.